चुकांचा डबा

आमच्या धुलाईखान्यातल्या चुका कोणत्या तारखेला संपल्या ते मला आठवत नाही, पण वार बुधवार होता आणि नव्या मॅडमना येऊन नऊ दिवस झाले होते.

आमचा धुलाईखाना म्हणजे इस्पितळाचं तळघर. वरच्या पाच मजल्यांवरच्या चादरी, उशांच्या खोळी, डॉक्टरांचे झगे, सगळं एका मोठ्या नळीतून धप्पकन खाली येतं. पहिला हात माझा. गाठोडं सोडायचं, एकेक कपडा चाचपायचा, खोळ उलटी करून झटकायची आणि मगच मशीनकडे द्यायचा. आजारपणात माणसं काय काय विसरून जातात! चष्मे, किल्ल्या, अर्धवट खाल्लेलं सफरचंद. एकदा तर एक जिवंत कासव निघालं. ते कुणाचं, हे पाच मजल्यांपैकी एकाही मजल्याने कबूल केलं नाही.

माझ्यानंतर मोठ्या मशीनवर फेसराव. हे त्याचं खरं नाव नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याने साबणाचं माप चुकवलं आणि फेस दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत गेला, तेव्हापासूनचं नाव. वाळलेले कपडे मग दोघी बायका दोन टोकांना धरून झटकतात आणि गरम रोलरवर देतात. त्या नणंद-भावजय. रोलरवर असतो तो कडक, हेही टोपणनावच. त्याला कापडावरची सुरकुती सहन होत नाही आणि त्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या जात नाहीत. रोलरमधून निघालेल्या चादरीची घडी पुन्हा त्याच दोघी घालतात. चादरीची चार टोकं घेऊन एकमेकींकडे चालत यायचं, हातात हात द्यायचा, मागे जायचं, परत यायचं. दिवसातून तीनशे वेळा त्यांची गाठ पडायची आणि चार वर्षांत एक शब्द नाही. कारण काय, तर वहिनी कुणाकडे तरी म्हणाली होती की नणंदेच्या घडीच्या कडा जुळत नाहीत.

अशा ठिकाणी मॅडम आल्या. तरुण, हुशार, पायात न वाजणारे बूट. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रोज सकाळी सव्वासात वाजता आपण दहा मिनिटं उभं राहून भेटायचं. प्रत्येकाने कालची आपली एक चूक सांगायची. कुणी कुणाला रागवायचं नाही. चूक सांगून झाली की सगळ्यांनी एक टाळी वाजवायची आणि म्हणायचं, बरं झालं सांगितलंत."

"आणि चूक झालीच नसेल तर?" कडकने विचारलं.

"चूक नाही असा माणूस नसतो," मॅडम गोड हसल्या. "फक्त सांगायची सवय नसते. सवय लागली की अडचणीच्या दिवशी टीम मोडत नाही."

आता ही दहा मिनिटं आणायची कुठून? तर सव्वादहाच्या चहातून. पूर्वी आमचा चहा वीस मिनिटं चालायचा. मशीन बंद, सगळे धुवायच्या गाठोड्यांवर टेकलेले. आता दहा मिनिटांत उभ्या उभ्या भाजून घ्यायचा घसा आणि पळायचं.

पहिल्या आठवड्यात जमलं. लहानसहान खऱ्या चुका होत्या, त्या दिल्या. मोठ्या कुणी दिल्या नाहीत. मोठी चूक काय फुकट वाटायची असते? नवव्या दिवशी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. मॅडम फळ्यापाशी खडू घेऊन. शेवटी त्या म्हणाल्या, "अजून मोकळे होत नाही आहात तुम्ही." आणि एवढ्या नाराज झाल्या की आम्हालाच वाईट वाटलं.

पाच माणसं, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला तीस चुका. वरच्या ऑफिसात त्याचा अहवाल जायचा. एकदा झालेली चूक पुन्हा चालायची नाही, कारण मॅडमकडे यादी होती. शिवाय प्रत्येक चुकीनंतर त्या विचारायच्या, "यातून आपण काय शिकलो?"

मार्ग फेसरावाने काढला. बिस्किटांचा एक रिकामा डबा आणला आणि घरी बसून चिठ्ठ्या लिहून आणल्या. पुढच्या बाजूला चूक, मागच्या बाजूला तिचा धडा. सात वाजता कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, पाठ करायची आणि सव्वासातला मोकळं व्हायचं. 'चादर समजून खिडकीचा पडदा धुतला.' 'डॉक्टरांच्या झग्याला इस्त्री करताना स्वतःच्याच बाहीला केली.' माणूस मन लावून लिहायचा. नणंदेने एकदा घाईत आधी धडाच वाचला आणि चूक नंतर, तरी टाळी पडली.

मग तक्रारीही सुरू झाल्या.

"माझ्या वाट्याला नेहमी बटण तुटल्याचीच का रे?" कडक म्हणायचा. "जरा वजनदार दे की एखादी. तेवीस वर्षं झाली मला इथे."

"मावशी, काही जणींना सांगा," नणंद माझ्याकडे बघून म्हणायची, "चांगली चिठ्ठी निघावी म्हणून डबा ढवळून घेऊ नये."

"मावशी, काही जणींना सांगा," वहिनी लगेच, "नशीब लागतं."

मी मधे उभी राहून दोन्हीकडे मान हलवायची.

मला स्वतःला डब्याचा उपयोग नव्हता. अक्षरओळख मला उशिरा झाली आणि फेसरावाचं अक्षर म्हणजे फेसच. मग मी माझ्या चुका मनानेच रचायची. हळूहळू गोडी लागली. एका बुधवारी मी सांगितलं की पांढऱ्या चादरींत पिवळा मोजा राहून गेला आणि बारा चादरी पिवळ्या झाल्या. सांगताना डोळेसुद्धा पुसले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फेसराव नंतर म्हणाला, "मावशी, तुम्ही डब्याच्या पलीकडे गेलात."

महिनाअखेर आमच्या विभागाला मोकळेपणाचा पहिला नंबर मिळाला. एक प्रमाणपत्र आणि एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ कायम सात मिनिटं मागे असायचं.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. संध्याकाळी हात धुऊन निघत होते, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची आया धापा टाकत खाली आली.

"मावशी, कवळी आली का हो तुमच्याकडे? आमच्या सतरा नंबरच्या आजोबांची. रुमालात बांधून उशीच्या खोळीत ठेवायचे म्हणे. सकाळी मी खोळ बदलली, मला काय माहीत!"

"माझ्या हातून कवळी सुटेल का गं?" मी म्हटलं. "मी टाचणी सोडत नाही."

"नाही ना? मग गेली कुठे?" ती पायरीवरच बसली. "उद्या चार वाजता त्यांची थोरली बहीण येतेय. अठरा वर्षांनी. बोटीने येणार, एक तास भेटणार आणि त्याच बोटीने परत. म्हातारा गेले आठ दिवस आरशात बघून हसण्याची तालीम करत होता. आता तोंडावर चादर घेऊन पडलाय. म्हणतो, बहिणीला सांगा मी झोपलोय."

ती गेली. आणि मला आठवलं. सकाळी नऊ वाजता तिसऱ्या मजल्याचं एक गाठोडं मी न चाचपता तसंच फेसरावाकडे ढकललं होतं. का? तर मी दुसऱ्या दिवशीची चूक रचत होते. झग्याच्या खिशात राहिलेलं औषध आणि निळा पडलेला टॉवेल, असं काहीतरी चाललं होतं. धडा जुळत नव्हता, त्या नादात खऱ्या खोळी तशाच गेल्या.

घरी मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघीच असतो. ताईलाही कवळी आहे. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. ताईने चमचा खाली ठेवला, कवळी काढून वाटीत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. गाल आत गेलेले, ओठ गुंडाळलेले. माझी ताई, पण कुणीतरी वेगळीच. मग कवळी परत बसवून म्हणाली, "हे मी तुला कधी दाखवलं होतं?"

"नाही."

"बावीस वर्षं एका घरात आहोत. दाखवलं नाही. आता त्या माणसाला अठरा वर्षांनी दाखवायला लावणार आहेस का? उद्या गेल्या गेल्या सांग सगळ्यांना. शोधा म्हणावं. तिथे रोज सकाळी चुकाच सांगता ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "तीच तर पंचाईत आहे." पण पंचाईत केवढी, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मंगळवारी सव्वासात. मी सगळ्यांच्या आधी बोलले.

"काल मी एक गाठोडं न चाचपता टाकलं. त्यात सतरा नंबरच्या आजोबांची कवळी होती. ती धुतली गेली. आता ती इथेच कुठेतरी आहे."

फेसराव पोट धरून हसायला लागला आणि त्याने अशी टाळी दिली की मागची खिडकी वाजली.

"बरं झालं सांगितलंत!" सगळे एका सुरात.

"कवळी!" नणंद म्हणाली. "सुचतं कसं हो तुम्हाला?"

"मला खरंच—"

"खूप छान, मावशी," मॅडम फळ्यावर लिहीत म्हणाल्या. "एवढी मोठी गोष्ट सांगायला धैर्य लागतं. यातून आपण काय शिकलो?"

"शिकलो काही नाही, मॅडम. कवळी शोधायचीय."

यावर तर मॅडमही हसल्या. कडक बिचारा हातातली चिठ्ठी चुरगाळत पुटपुटला, "आता माझं बटण कोण ऐकणार?"

मी फेसरावाला मशीनपाशी गाठलं.

"अरे, खरं सांगतेय मी. कवळी आहे त्यात."

त्याने डोळा मारला. "मावशी, दोन चिठ्ठ्यांचा ऐवज एका दिवसात उधळलात. वरचे दात आज, खालचे उद्या, असं करायचं."

"माझी शपथ!"

"पिवळ्या मोज्याला पण शपथच घेतली होती. रडलाही होतात तुम्ही."

कडकने ऐकून घेतलं, मान डोलवली आणि म्हणाला, "मला पण एक द्या अशी." वहिनी म्हणाली, "शेवट जरा सुधारा. कवळी सापडते असा करा."

कालचा माल अकरा वाजता ढकलगाडीवर चढून वर जाणार होता. एकदा गेला की पाच मजल्यांच्या कपाटांत विखुरणार. मग चार वाजेपर्यंत काय, चार महिन्यांतही सापडणार नाही. मी कप्प्यांतल्या हाताला लागतील तेवढ्या घड्या सोडत होते आणि मागून नणंद ओरडत होती, "मावशी, ती माझी कालची मेहनत आहे!" साडेदहा झाले. चहा कधी आला आणि कधी गेला कुणाला कळलं नाही.

पावणेअकराला मी कप्प्यांवरून हात काढला, दारात जाऊन गाडीवरच बसले आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या धरल्या.

"मी उठत नाही."

सगळे जमले. मॅडम आल्या. "काय झालं, मावशी? बरं वाटत नाहीये का?"

"मॅडम, कवळी खरी आहे."

"हो, तुम्ही सकाळी सांगितलंत की."

"सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही. कारण बाकीच्या खऱ्या नव्हत्या." समोर फेसराव मान हलवून नको नको करत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. "डबा आहे एक, मॅडम. बिस्किटांचा. फेसरावाच्या कपाटात. चुका त्यातून निघतात. माझ्या तेवढ्या घरच्या."



"डबा आणा," मॅडम म्हणाल्या.

आणला. मॅडमनी एकेक चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला. रागाने की कशाने ते मला आजही सांगता येणार नाही. "महिन्याला एकशेवीस चुका गेल्या माझ्या सहीने," त्या हळू म्हणाल्या. "डबा आल्यापासून त्यांतल्या खऱ्या किती?"

आम्ही बोटांवर मोजायला लागलो.

"चार," कडक म्हणाला.

"साडेचार," फेसराव म्हणाला. "पडदा मी खरंच धुतला होता, पण मुद्दाम. चिठ्ठी वाया जाऊ नये म्हणून."

मॅडमच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं ते, पण त्यांनी ते गिळलं. "मग पूर्वी," त्यांनी विचारलं, "मी यायच्या आधी, काही चुकलं तर कुठे सांगायचात?"

मी म्हटलं, "चहाला. पण ते सांगणं नव्हतं, मॅडम. गप्पाच असायच्या. अमुक आवाज करतंय, तमुक सापडत नाही. कुणीतरी उठून बघायचं."

"आणि तो चहा मी कापला." मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. त्यात दहा पन्नास झाले होते, म्हणजे खरे दहा सत्तावन. त्यांनी बूट काढले आणि सरळ गाठोड्यावर बसल्या. "बसा सगळे. मशीन बंद. चहा परत मागवा. आणि आता सांगा, काल इथे काय काय झालं?"

बसलो. खऱ्याची सवय मोडली होती. मग फेसरावाने डोकं खाजवलं.

"काल मधल्या फेरीला ड्रममध्ये खडखड येत होती. मला वाटलं मशीनचा काहीतरी भाग गेला. बोललो नाही. बोललं की पाच पानी फॉर्म भरावा लागतो."

नणंद एकदम ताठ झाली. तिने माझ्याकडे बघितलं, "मावशी, काही जणींना विचारा—" आणि थांबली. मग वळली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा सरळ बघत म्हणाली, "वहिनी, दुपारी खोळी झटकताना काहीतरी टकटक वाजलं होतं ना गं?"

वहिनीने कप खाली ठेवला. "वाजलं होतं. मला वाटलं, तुझ्या खिशातल्या किल्ल्या."

"मला वाटलं तुझ्या!"

"मग विचारायचं ना!"

"तू विचारायचंस! कडा जुळत नाहीत ते बरं सांगता येतं!"

"अगं, त्या घडीच्या कडा खरंच—"

"खोळीचं बोला," मी मधे पडले. "खोळ कुठे गेली?"

सगळ्यांच्या माना कडककडे वळल्या. रोलरवर देतात त्या दोघी, घेतो तो. कडक कपात बघत होता. कपाळावरच्या सगळ्या सुरकुत्या गोळा झाल्या होत्या.

"माझ्याकडे आली," तो म्हणाला. "रोलरच्या तोंडाशी अडकली. आत काहीतरी गोळा होता. मी रोलर उलटा फिरवून काढली, पण तिच्यावर ही एवढी सुरकुती पडली."

"मग?"

"मग काय. ठेवली."

"कुठे ठेवलीस, बाबा?"

तो उठला, पाण्याच्या टाकीमागे गेला आणि तिथून त्याने एक टोपली ओढून काढली. आम्ही बघतच राहिलो. चादरी, खोळी, झगे, साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येकावर एक सुरकुती. तेवीस वर्षांत कडकने एकही सुरकुती वर पाठवली नव्हती, आणि का पाठवली नव्हती ते त्या टोपलीत होतं.

"हळूहळू परत धुऊन काढतो," तो म्हणाला. "आठवड्याला दोन-दोन. कुणाला कळू न देता."

कुणी टाळी वाजवली नाही. 'बरं झालं'ही कुणी म्हटलं नाही. फेसराव पुढे झाला आणि त्याने टोपलीचं दुसरं टोक धरलं. "दोन-दोनने म्हातारा होशील. दे इकडे, एका फेरीत काढतो."

सगळ्यात वरच्या खोळीत रुमाल होता, रुमालाची गाठ तशीच होती. मी सोडली. दात इतके पांढरेशुभ्र झाले होते की वहिनीने आपल्या तोंडावर हात ठेवला. फेसरावाने अभिमानाने सांगितलं, "ऐंशी अंशांची फेरी." पण त्या ऐंशी अंशांनी वरची कवळी डावीकडे किंचित वाकली होती. टेबलावर ठेवली तर डुलायची.

मॅडम म्हणाल्या, "चला, मी येते वर तुमच्याबरोबर." मी म्हटलं, "नको. चूक माझी आहे, आणि ही पहिलीच मोठी, खरी आहे. मलाच नेऊ द्या."

दातांच्या डॉक्टरांची वाट बघण्यात साडेतीन वाजले. सतरा नंबरच्या खाटेवर चादरीचा एक डोंगर होता. मी डोंगराला सगळं सांगितलं. गाठोडं, डबा, खडखड, टोपली. डोंगर मधे मधे हलत होता. तो हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं. शेवटी एक हात बाहेर आला. मी कवळी हातावर ठेवली. हात आत गेला. बराच वेळ खटपट चालली.

"साबणासारखी लागते," आतून आवाज आला.

"स्वच्छ आहे, आजोबा."

"वाकडी बसते."

"मशीनमध्ये वाकली. माफ करा. दातांच्या डॉक्टरांना विचारलंय, ते उद्या नीट करून देतो म्हणाले. आजचा दिवस—"

"आजचाच तर दिवस आहे," चादर म्हणाली.

जावं की थांबावं ते मला कळेना. तेवढ्यात आयाने दार उघडलं. चारला दहा कमी होते, पण बहीण आलीच होती. काठी टेकत, छोटी पिशवी छातीशी धरून. ती सरळ खाटेपाशी आली आणि काठीच्या टोकाने तिने चादर खाली ओढली.

"झोपलाय म्हणे! लहानपणी शाळा चुकवायला असाच झोपायचास."

आजोबा हसले. पांढरेशुभ्र दात, आणि हसू डावीकडे घसरलेलं.

म्हातारी बघत राहिली.

"मेल्या," ती म्हणाली, "अजून डावीकडूनच हसतोस."

मी दार ओढून घेतलं आणि जिन्याने खाली आले. दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर कवळी सरळ करायला गेले, तर आजोबांनी त्यांना हात लावू दिला नाही.

त्या आठवड्याच्या अहवालात मॅडमनी तीसऐवजी सहा चुका लिहिल्या, सहावी त्यांची स्वतःची. वरच्या ऑफिसने मोकळेपणा कमी झाल्याबद्दल खुलासा मागवला आणि घड्याळ परत नेलं. बैठक आता सव्वादहाला असते, वीस मिनिटं, गाठोड्यांवर बसून. कुणाकडे काही नसेल तर नुसता चहा. नणंद-भावजय आता बोलतात. कडांवरून रोज भांडतात, आणि घड्या पूर्वीपेक्षा वाकड्या येतात. कडक त्या बघतो, डोळे मिटतो आणि वर पाठवतो.

डबा माझ्या टेबलावर असतो. चाचपताना सापडलेल्या वस्तू मी त्यात ठेवते. आज एक चष्मा, दोन किल्ल्या आणि एक पिवळा मोजा आहे. मोजा खरंच चादरींत सापडला. पण हे फेसरावाला कितीही सांगितलं तरी पटत नाही.